बिनतारी संगीतप्रेषण : संगणक ते घरचा स्टिरिओ

संगणकात साठवलेले किंवा संगणकावर इंटरनेटवरून येणारे संगीत, मधे तार न ओढता, दिवाणखान्यातल्या स्टिरिओवर वाजवण्याची पद्धत. अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर जुने असले तरी चालतात, नवा लागतो तो एक लहानसा रिसीव्हर. हवेतून आलेले, आवाज मांडणारे आकडे तो पकडतो, त्यांचा विद्युत संकेत बनवतो आणि अ‍ॅम्प्लिफायरला देतो. सुस्थितीतला जुना अ‍ॅम्प्लिफायर केवळ त्यात ब्लूटूथ नाही म्हणून भंगारात घालण्याचे काहीच कारण नाही.

स्लिम डिव्हायसेस या कंपनीने २००१ मध्ये ‘स्लिम्प-थ्री’ हे उपकरण आणले. ते संगणकावरची गाणी घरच्या जाळ्यातून ओढून वाजवी, मात्र त्याला जाळ्याची तार लागे. पुढे त्याचेच बिनतारी रूप ‘स्क्वीझबॉक्स’ झाले. २०१२ मध्ये ते बंद झाले, तरी त्याचे सर्व्हर सॉफ्टवेअर ‘लिरियन’ या नावाने आजही वापरात आहे. अ‍ॅपलने २००४ मध्ये ‘एअरपोर्ट एक्सप्रेस’ काढला. भिंतीतल्या सॉकेटमध्ये खोचायच्या या ठोकळ्याच्या ३.५ मिलिमीटरच्या एकाच छिद्रातून तांब्याच्या तारेने अ‍ॅनलॉग आणि प्रकाशतंतूने डिजिटल असे दोन्ही संकेत मिळत. त्यामागची ‘एअरट्यून्स’ ही पद्धत २०१० मध्ये ‘एअरप्ले’ झाली. तिचे सांकेतिकरण उलगडणारी गुप्त किल्ली २०११ मध्ये उघड झाल्यावर ‘शेअरपोर्ट’ हे मुक्त सॉफ्टवेअर आले आणि रास्पबेरी पायसारखा छोटा संगणकही रिसीव्हर म्हणून वापरता येऊ लागला.

आज मुख्य मार्ग दोन, ब्लूटूथ आणि वाय-फाय. ब्लूटूथला राउटर लागत नाही आणि जोडणी मिनिटभरात होते. पण सीडीच्या दर्जाचा प्रवाह सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट असतो. ब्लूटूथची सर्वत्र चालणारी ‘एसबीसी’ पद्धत तो दाबून साधारण ३२८ किलोबिटवर आणते. वाय-फायवर एअरप्लेच्या मूळ पद्धतीत ४४.१ किलोहर्ट्‌झ, १६ बिटांचा प्रवाह काहीही न गमावता जातो. एका जागी बसून नीट ऐकायचे असेल तर वाय-फाय निवडावे. पाहुण्यांच्या फोनवरून दोन गाणी लावायची असतील तर ब्लूटूथ पुरते.

वाय-फायवर गाणे लगेच सुरू होत नाही, ही तक्रार नेहमी येते. तो दोष नव्हे. रिसीव्हर आधी साठा करतो. मूळ एअरप्लेमध्ये हा साठा सुमारे ८८,२०० नमुन्यांचा (नमुना म्हणजे एका क्षणीच्या आवाजाचे माप), म्हणजे दोन सेकंदांचा असतो. तेवढ्यात वाटेत हरवलेली पाकिटे, म्हणजे प्रवाहाचे लहान तुकडे, पुन्हा मागवता येतात. याच कारणाने व्हिडिओचा आवाज असा पाठवला, तर तो पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरने चित्रही तेवढेच थांबवावे लागते. ते थांबवले नाही तर ओठ पुढे आणि शब्द मागे पडतात. ब्लूटूथवरही सेकंदाचा दशांश ते पाव भाग उशीर होतोच.

याहून सूक्ष्म अडचण घड्याळांची आहे. संगणकाच्या घड्याळाला ठोका देणारा स्फटिक आणि रिसीव्हरचा स्फटिक कधीच तंतोतंत एका गतीने चालत नाहीत. दहा लाखांत ५० भागांचा फरक असला, तरी तासाभरात ०.१८ सेकंदाचे अंतर पडते. साठा हळूहळू रिकामा होतो किंवा ओसंडतो आणि शेवटी खंड पडतो. तानपुऱ्याच्या अखंड सुरात असा खंड लगेच टोचतो, ढोलताशाच्या गजरात तो लपून जातो. त्यामुळे जोडणीची परीक्षा दीर्घ आलापाने घ्यावी. चांगला रिसीव्हर मधूनमधून एखादा नमुना घालून किंवा गाळून ही तफावत भरून काढतो आणि कानाला पत्ता लागत नाही. डीएलएनए (घरच्या जाळ्यातून फाइली वाजवण्याचे एक मानक) किंवा लिरियन पद्धतीत रिसीव्हर फाइल आपल्या गतीने स्वतः ओढतो, त्यामुळे घरात एकच रिसीव्हर वाजत असेल तर हा प्रश्नच उद्भवत नाही.

जोडणी करताना अ‍ॅम्प्लिफायर बंद ठेवावा. ३.५ मिलिमीटरच्या पिनेतून दोन आरसीए पिना निघणारी एक-दोन मीटरची केबल पुरते. पांढरी पिन डावीकडे, लाल उजवीकडे. ती ‘ऑक्स’, ‘ट्यूनर’, ‘सीडी’ किंवा ‘टेप इन’ यांपैकी कुठेही लावावी, पण ‘फोनो’वर कधीच नाही. तिथे तबकडीच्या सुईचा क्षीण संकेत साधारण शंभर पटींनी वाढवला जातो आणि खर्जही चढवला जातो. त्यामुळे रिसीव्हरचा आवाज फाटका आणि घुमा येतो. जुन्या युरोपीय अ‍ॅम्प्लिफायरवर पाच पिनांचे गोल डिन सॉकेट असते. टेपच्या सॉकेटमध्ये ३ क्रमांकाची पिन डावी, ५ क्रमांकाची उजवी आणि २ क्रमांकाची अर्थची. रास्पबेरी पायची हेडफोनची पिन या कामाला सुमार आहे, वेगळा डॅक (डिजिटल आकड्यांचा अ‍ॅनलॉग संकेत करणारा भाग) लावावा. त्याच्या ‘पाय झिरो’ या लहान आवृत्तीला तर अशी पिनच नसते.

संगणकावरचा आवाज पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण ठेवून कमी-जास्त अ‍ॅम्प्लिफायरच्या बटणाने करावे. डिजिटल पातळी दर ६ डेसिबलने उतरवली की १६ बिटांतला साधारण एक बिट वाया जातो.

५० हर्ट्‌झची किंवा तिच्या पटींतली घरघर ऐकू आली, तर बहुधा अर्थचे वर्तुळ (दोन उपकरणांच्या अर्थ-तारा आणि केबल यांतून वीज फिरण्याचा बंद मार्ग) तयार झालेले असते. रिसीव्हर आणि अ‍ॅम्प्लिफायर एकाच विस्तारपट्टीवर लावून पाहावे आणि रिसीव्हरला वेगळा अ‍ॅडॉप्टर द्यावा. तरीही गेली नाही तर ट्रान्सफॉर्मरचा आयसोलेटर, म्हणजे थेट विद्युतजोडणी तोडून फक्त संकेत पुढे देणारा भाग, केबलमध्ये लावावा. सोय असेल तर प्रकाशतंतूची केबल उत्तम, कारण काचेतून किंवा प्लास्टिकमधून वीज वाहत नाही. अर्थची पिन तोडणे हा उपाय नव्हे, त्यात जिवाला धोका आहे.

आवाज तुटत असेल तर आधी जागा तपासावी. ब्लूटूथ, २.४ गिगाहर्ट्‌झचे वाय-फाय आणि मायक्रोवेव्ह भट्टी एकाच पट्ट्यात असतात. राउटर १, ६ किंवा ११ या वाहिनीवर ठेवावा. ५ गिगाहर्ट्‌झवर गर्दी कमी असते, पण आरसीसीच्या किंवा दगडी भिंतीतून ते लवकर क्षीण होते. ब्लूटूथचा डोंगल यूएसबी-३च्या डिस्कशेजारी खोचलेला असेल तर तिचा रेडिओगोंगाटही अडथळा आणतो. मीटरभराच्या एक्स्टेन्शन केबलने डोंगल दूर नेला की बऱ्याचदा काम होते.

आवाज अचानक टेलिफोनसारखा पातळ आणि एकसुरी झाला, तर संगणकाने रिसीव्हरला हेडसेट समजून मायक्रोफोनची पद्धत निवडली आहे. आवाजाच्या सेटिंगमध्ये ‘हँड्सफ्री’ बंद करून ‘स्टिरिओ’ निवडावे. वाय-फायचा रिसीव्हर यादीतच दिसत नसेल तर दोन्ही उपकरणे एकाच जाळ्यात आहेत ना ते पाहावे. पाहुण्यांसाठीचे वाय-फाय उपकरणांना एकमेकांपासून वेगळे ठेवते. तसेच संगणकाच्या फायरवॉलने उपकरणे एकमेकांना शोधण्यासाठी वापरतात ते ५३५३ क्रमांकाचे यूडीपी पोर्ट (जाळ्यातले प्रवेशद्वार) अडवले, तर एअरप्लेचा रिसीव्हर चालू असूनही सापडत नाही.