शनी मंद का? केप्लरच्या तिसऱ्या नियमाची पार्श्वभूमी

शनिवारी सकाळी दादर स्टेशनबाहेर कोणी ना कोणी तेलाचा डबा घेऊन उभा असतो. डब्यात पत्र्याचा काळा शनी आणि तळाशी तेलात बुडालेली नाणी. साडेसातीतला साडेसात हा आकडा मात्र थेट आकाशातून आलेला आहे. शनीला राशिचक्राची एक फेरी पुरी करायला सुमारे साडेएकोणतीस वर्षं लागतात. म्हणजे एका राशीत ढोबळमानाने अडीच वर्षं, आणि आपली रास, तिच्या मागची नि पुढची मिळून साडेसात. गुरूची फेरी बारा वर्षांची, म्हणून नाशिकचा सिंहस्थ बारा वर्षांनी. ग्रहांचे आवर्तकाल आपल्याकडे असे रोजच्या बोलण्यात मुरलेले आहेत. घोडं अडलं होतं ते अंतरांपाशी.

सूर्यसिद्धान्तासारख्या ग्रंथांनी अंतर काढण्यासाठी एक सोपं गृहीतक धरलं: सगळे ग्रह दिवसाला सारखीच योजनं चालतात. मग ज्याची फेरी जितकी लांबणारी, त्याची कक्षा तितक्याच पटीने मोठी. शनी मंद नाहीच, त्याची वाट तेवढी लांबची. चंद्र सत्तावीस दिवसांत फिरतो, सूर्य ३६५ दिवसांत. या हिशेबाने सूर्य चंद्राच्या जेमतेम तेरा पट लांब येतो. खरा आकडा ३९० च्या आसपास आहे. तरी या गृहीतकाला हसू नये. मोजायचं दुसरं साधन हाती नसताना याहून सरळ तर्क मला तरी सुचला नसता.

कोपर्निकसने १५४३ मध्ये सूर्य मध्ये बसवला आणि एक गोष्ट आपोआप साधली: नुसत्या भूमितीने ग्रहांच्या अंतरांची गुणोत्तरं काढता येऊ लागली. शनीचं अंतर पृथ्वीच्या सुमारे नऊ पट निघालं. काळ तीसपट आणि अंतर नऊपट, म्हणजे समान वेगाची गोष्ट संपली. विरारला राहायचं आणि वर स्लो लोकलच पकडायची, तशी शनीची गत. वाटही लांब, चालही संथ. आजच्या आकड्यांत पृथ्वी सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर धावते, तर शनी दहाच्याही आत. साडेनऊ पट लांब वाट आणि तिपटीहून थोडी जास्त संथ चाल, यांचा गुणाकार केला की साडेएकोणतीस वर्षं जुळतात.

पण चाल नेमकी कोणत्या प्रमाणात मंदावते? या प्रश्नाने योहानेस केप्लरची बावीस वर्षं खाल्ली. १५९६ च्या पहिल्या पुस्तकात त्याने एक सूत्र बसवून पाहिलं, ते चुकलं. पुढे टायको ब्राहेच्या काटेकोर वेधांच्या वह्या त्याच्या हाती आल्या. त्यांतून ग्रहांची लंबवर्तुळं निघाली, तरी हे प्रमाण काही सापडेना. शेवटी ८ मार्च १६१८ रोजी ते सुचलं, आणि आकडेमोड चुकल्यामुळे त्याने स्वतःच टाकून दिलं! १५ मे रोजी पुन्हा मांडलं तेव्हा बसलं, इतकं चपखल की आपण स्वप्नात तर नाही ना, अशी शंका त्याला आली. आठच दिवसांनी प्राग शहरात तीस वर्षांच्या युद्धाची ठिणगी पडली. नियम १६१९ मध्ये छापून आला.

आवर्तकालाचा वर्ग अंतराच्या घनाच्या प्रमाणात असतो. दहावीच्या पुस्तकात हे एका ओळीत उरकतं, म्हणून एकदा हाताने करून पाहावं. शनीचे २९.४६ घ्या, वर्ग करा: ८६८. त्याचं घनमूळ ९.५४. शनी सूर्यापासून पृथ्वीच्या ९.५४ पट लांब आहे.

असं का, हे मात्र केप्लरला सांगता आलं नाही. ते न्यूटनने १६८७ मध्ये सांगितलं: सूर्याची ओढ अंतराच्या वर्गाने घटते, त्यामुळे दूरच्या ग्रहाला कक्षेत राहायला कमी वेग पुरतो. ग्रह जड की हलका, याने जवळपास काहीच फरक पडत नाही; मध्ये काय बसलंय ते महत्त्वाचं. गुरूचे चंद्रही म्हणूनच हाच नियम पाळतात. आयो पावणेदोन दिवसांत फिरतो, कॅलिस्टो पावणेसतरा दिवसांत. अंतरं साडेचारपटीच्या आसपास. हिशेब करून पाहा, बसतो.

पृथ्वीभोवती हेच गणित उलटं वापरतात. फेरी एका दिवसाची हवी असेल तर उपग्रह किती उंच ठेवायचा? सुमारे ३५,७८६ किलोमीटर. विषुववृत्तावर त्या उंचीवर तो पृथ्वीबरोबरच फिरतो, म्हणून खालून एका जागी थांबल्यासारखा दिसतो. लालबागच्या एखाद्या चाळीकडे पाहा. गॅलरीच्या कठड्यांवर, पत्र्यांवर टीव्हीच्या डिश लागलेल्या असतात आणि साऱ्यांची तोंडं दक्षिण-आग्नेयेच्या अंगाला. पावसाळी वाऱ्याने एखादी बोटभर सरकली की चित्र जातं. मग डिशवाला येतो, दोन नट सैल करतो, आणि आतून कोणीतरी ओरडेपर्यंत ती हळूहळू फिरवत राहतो: "आलं, आलं, तिथंच धर!"