इन्सुलिनने डोळे जातात का?

"इन्सुलिन सुरू केलं आणि वर्षाच्या आत डोळे गेले भाऊजींचे, म्हणून आमच्यात कुणी घेत नाही." परवा एका लग्नात काकूंकडून हे ऐकलं आणि तेव्हापासून डोक्यात घोळतंय, कारण यात चिमूटभर खरं आहे आणि तेच जास्त घातक.

डोळ्याच्या मागच्या पडद्यात, म्हणजे रेटिनात, केसाहून बारीक रक्तवाहिन्या असतात आणि त्यांना बाहेरून कवटाळून बसलेल्या पेशी असतात, पेरिसाइट. मला या पेशींचं फार कौतुक! बाकी शरीरात त्या विरळ, रेटिनात मात्र आतल्या अस्तराच्या जवळजवळ प्रत्येक पेशीमागे एक. साखर आत घ्यायला स्नायूंना इन्सुलिन लागतं, रेटिनाला लागत नाही, त्यामुळे रक्तात वाढली की इथेही वाढते, दार लावून घ्यायची सोयच नाही. मग जादा साखरेचं सॉर्बिटॉल नावाचं द्रव्य होतं, काही प्रथिनांना चिकटते, आणि पेरिसाइट मरायला लागतात. आधार गेला की वाहिनीची भिंत तिथे फुगते. पडद्याच्या फोटोत नारिंगी रंगावर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके, ते हेच. पुढे काही वाहिन्या पाझरतात, काही बुजतात, उपाशी पडदा व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडतो, त्याने नव्या वाहिन्या येतात पण इतक्या कच्च्या की फुटून डोळ्यात रक्त उतरतं. आणि बरेचदा तोवर दिसायला सगळं व्यवस्थित.

आता इन्सुलिनचं. अमेरिका-कॅनडात 1983 ते 1993 मध्ये टाइप वन मधुमेहाच्या (ज्यात शरीर स्वतः इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही) 1441 जणांवर डीसीसीटी अभ्यास झाला. शुगर कडक ताब्यात ठेवलेल्या गटात ज्यांचा पडदा आधी चांगला होता, त्यांचा रेटिनोपथीचा, म्हणजे पडद्याच्या याच बिघाडाचा, धोका 76 टक्क्यांनी घटला. पण आधीच इजा असलेल्या काहींची शुगर झपाट्याने उतरली तेव्हा पहिल्या वर्षात पडदा थोडा बिघडलासुद्धा, नंतर मात्र त्याच लोकांचा पडदा इतरांपेक्षा चांगला राहिला. काकूंच्या बोलण्यातलं चिमूटभर खरं ते हे. म्हणजे इन्सुलिन टाळायचं नाही, आधी पडदा बघून घ्यायचा. डोळ्यात मध घालणं, कारल्याचा रस वगैरेंनी मेलेला पेरिसाइट परत येत नाही, उगाच महिने जातात.

काकूंना विचारलं, भाऊजींचा पडदा आधी तपासला होता का? म्हणाल्या, "हो, चष्म्याचा नंबर काढला होता की." नंबर वेगळा, पडदा वेगळा. त्यासाठी थेंब टाकून बाहुली मोठी करतात आणि आत बघतात, टाइप टू मधुमेह (मोठेपणी होणारा नेहमीचा) असेल तर निदान झाल्या झाल्या, मग साधारण वर्षातून एकदा. काकूंना स्वतःला शुगर आहे, आठ वर्षं झाली, थेंब अजून एकदाही पडलेले नाहीत.