संशोधन अनुदानासाठी अर्ज: पात्रता, कागदपत्रं आणि सह्यांचा प्रवास

परीक्षकांनी प्रपोजल नाकारलं तर वाईट वाटतंच, पण शेरे हातात येतात. पुढच्या वेळी काय सुधारायचं ते कळतं. अर्ज परीक्षकांपर्यंत पोहोचलाच नाही, तर मात्र हातात काहीच उरत नाही. विद्यापीठाच्या संशोधन कक्षात काम करताना मी दोन्ही प्रकार पाहतो, आणि दुसरा प्रकार पूर्णपणे टाळता येण्याजोगा असल्यामुळे तो मला जास्त लागतो.

रसायनशास्त्राच्या एका सहायक प्राध्यापिकेचा अर्ज माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. शेवटच्या दिवशी दुपारी चार वाजता त्या लॅपटॉप घेऊन माझ्यासमोर बसल्या होत्या. पोर्टलवर सगळे रकाने भरलेले होते, फक्त एन्डॉर्समेंट सर्टिफिकेटची, म्हणजे संस्थेच्या हमीपत्राची, जागा रिकामी. त्यांची फाईल आठ दिवस एका टेबलावर होती. उपकरणाच्या देखभालीचा खर्च कोण करणार, याचा 'खुलासा करावा' असा शेरा मारून ती बाजूला ठेवली होती, आणि हे त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. सही करणारे अधिकारी त्या दिवशी बाहेरगावी बैठकीला होते. पाच वाजता पोर्टल बंद झालं.

त्या दिवसापासून मी प्रत्येकाला एकच गोष्ट सांगतो. जे कागद तुमच्या हातात आहेत ते शेवटी करा, जे संस्थेच्या हातात आहेत ते आधी हलवा. विज्ञानाचा मजकूर तुम्ही रात्री जागून पूर्ण कराल, पण कुलसचिवांची सही रात्री मिळत नाही.

पैसे कुठून मिळतात

विज्ञान-तंत्रज्ञानातल्या मूलभूत संशोधनासाठी आज पहिलं दार म्हणजे अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन, एएनआरएफ. २०२३ च्या कायद्यानं ही संस्था उभी राहिली आणि २००८ च्या कायद्याखालचं सायन्स अँड इंजिनिअरिंग रिसर्च बोर्ड, म्हणजे सगळ्यांच्या तोंडात बसलेलं 'सर्ब', तिच्यात विलीन झालं. अजूनही कुणी 'सर्बचा प्रोजेक्ट' म्हणालं, तर आता एएनआरएफच्या पोर्टलवर जायचं असतं.

जीवशास्त्र आणि जैवतंत्रज्ञानासाठी जैवतंत्रज्ञान विभाग म्हणजे डीबीटी, आणि त्यांचे अर्ज 'ई-प्रोमिस' पोर्टलवर. आरोग्य संशोधनाला आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद. समाजशास्त्रं, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, शिक्षणशास्त्र यांना आयसीएसएसआर, म्हणजे भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद. भाषा आणि मानव्यशास्त्रांच्या प्राध्यापकांना वाटतं की अनुदान हा विज्ञानवाल्यांचाच विषय. तसं नाही. त्यांच्या विषयाची सीमा समाजशास्त्रांना भिडत असेल, तर आयसीएसएसआरचं दार त्यांनीही ठोठवावं. महाराष्ट्रात राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोग आहे. बहुतेक विद्यापीठं स्वतःच्या निधीतून छोटे प्रकल्पही देतात. या छोट्या प्रकल्पांना कमी लेखू नका. त्यातून निघालेली प्राथमिक निरीक्षणं हाच मोठ्या प्रपोजलचा पाया असतो.

जाहिरात, म्हणजे कॉल, निघाल्यावर धावपळ करण्यापेक्षा मागच्या दोन-तीन वर्षांचे कॉल कोणत्या महिन्यात आले ते एका कागदावर लिहून काढा. तारखा तंतोतंत जुळणार नाहीत, पण अंदाज येतो. दुसरं म्हणजे, या संस्था मंजूर प्रकल्पांची नावं प्रसिद्ध करतात. ती वाचा. कोणत्या विषयाला कोणत्या समितीनं पैसे दिले हे त्यात दिसतं, आणि आपलं प्रपोजल कोणत्या विषय समितीकडे टाकावं हा अवघड प्रश्न बराच सुटतो. दोन समित्यांच्या मधोमध बसणारं प्रपोजल चुकीच्या समितीकडे गेलं, की ते चांगलं असूनही कुणाचंच होत नाही.

पात्रता आधी, कल्पना नंतर

बहुतेक प्रकल्प अनुदानांसाठी प्रमुख संशोधक, म्हणजे पीआय, भारतीय नागरिक, पीएचडी किंवा वैद्यक-अभियांत्रिकीतली समकक्ष पदवी असलेला आणि मान्यताप्राप्त संस्थेत नियमित पदावर असावा लागतो. 'नियमित' हा शब्द नीट वाचा. तासिका तत्त्वावर शिकवणारे कितीतरी हुशार लोक माझ्याकडे येतात, आणि हा शब्द दाखवताना मला फार जड जातं. त्यांच्यासाठी रस्ता वेगळा आहे. नॅशनल पोस्ट डॉक्टरल फेलोशिप हा त्यातला एक, पण तिथं वयाची अट कडक असते. नियमित नोकरी नसलेल्या महिला संशोधकांसाठी विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या 'वाईज-किरण' अंतर्गत योजना आहेत. संसार, बाळंतपण, बदली यामुळे खंड पडलेल्या स्त्रियांनी त्या नक्की पाहाव्यात.

नुकतंच नियमित पदावर लागलेल्यांसाठी एएनआरएफची प्राइम मिनिस्टर अर्ली करिअर रिसर्च ग्रँट आहे. वयाची कमाल मर्यादा ४२ वर्षं. महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग आणि दिव्यांग अर्जदारांना ३ वर्षांची सवलत. रक्कम ३ वर्षांसाठी ६० लाख रुपयांपर्यंत, ओव्हरहेड, म्हणजे संस्थेचा व्यवस्थापन खर्च, वेगळं. नियुक्ती ताजी असेल आणि वय बसत असेल, तर दुसरा विचार करू नका, ही संधी पुन्हा येत नाही. अनुसूचित जाती-जमातीच्या संशोधकांसाठी इन्क्लुझिव्हिटी रिसर्च ग्रँटही आहे. तिच्याकडे अर्जदारांचं लक्ष कमी जातं आणि ते जायला हवं.

वय कोणत्या तारखेला मोजायचं हे कॉलमध्ये लिहिलेलं असतं. बहुधा अर्जाची शेवटची तारीख धरतात, पण गृहीत धरू नका. निवृत्तीला प्रकल्पाच्या मुदतीहून कमी वर्षं उरली असतील, तर आपल्याच संस्थेतला को-पीआय, म्हणजे सह-संशोधक, सुरुवातीलाच घ्या.

संस्थेचीही पात्रता असते. महाविद्यालयाला यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, २(एफ) आणि १२(बी) कलमांखालची मान्यता आहे का, खासगी संस्थेकडे डीएसआयआरची (केंद्राचा वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन विभाग) 'सायरो', म्हणजे संशोधन संस्था म्हणून, नोंदणी आहे का, पीएफएमएसवर, म्हणजे केंद्राच्या निधी वाटपाच्या ऑनलाइन प्रणालीवर, संस्थेचा क्रमांक आहे का, हे कार्यालयात जाऊन विचारा आणि प्रती स्वतःच्या फाईलला लावून ठेवा.

कागदपत्रं

एन्डॉर्समेंट सर्टिफिकेट हा सगळ्यांत महत्त्वाचा कागद. त्यात संस्था लिहून देते की हा संशोधक आमचा आहे, जागा, वीज, पाणी, प्रयोगशाळा आम्ही देऊ, आणि हिशेबाची व व्यवस्थापनाची जबाबदारी आमची. नमुना ज्या-त्या योजनेचाच वापरायचा, मागच्या वर्षीचा नाही. प्रपोजलचं शीर्षक पोर्टलवर आणि या पत्रावर अक्षरशः एकच असलं पाहिजे. शीर्षक शेवटच्या आठवड्यात 'जरा आकर्षक' करण्याचा मोह होतो, तो आवरा, नाहीतर पत्र पुन्हा सहीला पाठवावं लागेल. सही कुणाची चालते, कुलसचिवांची की प्राचार्यांची, आणि कोरा कागद चालतो की लेटरहेडच हवं, हे नमुन्याखालच्या बारीक अक्षरात असतं.

याशिवाय ठरलेल्या नमुन्यातला बायोडेटा, पीआयचं प्रतिज्ञापत्र, वाङ्मयचौर्य नसल्याची हमी, जन्मतारखेचा पुरावा, पीएचडीचं प्रमाणपत्र, सवलत घेत असाल तर जातीचा किंवा दिव्यांगत्वाचा दाखला, आणि मोठ्या उपकरणांचं कोटेशन. पीएचडीचं पदवी प्रमाणपत्र अजून हातात नसेल, तर प्रोव्हिजनल चालेल का ते आधी बघा.

काही विषयांत मंजुऱ्या लागतात आणि त्या एका दिवसात मिळत नाहीत. माणसांवर किंवा त्यांच्या नमुन्यांवर काम असेल तर संस्थेची नीतिशास्त्र समिती. प्राण्यांवर असेल तर सीसीएसईएकडे, म्हणजे प्राणीप्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय समितीकडे, नोंदलेली प्राणी नीती समिती. जनुकीय बदल केलेले जीव असतील तर जैवसुरक्षा समिती. अभयारण्यात नमुने गोळा करायचे असतील तर वनविभाग. काही योजना मंजुरी नंतर सादर करू देतात, पण पैसे तोवर थांबतात. परदेशी संस्थेचा पैसा येणार असेल, तर २०१० च्या विदेशी अंशदान कायद्याखाली संस्थेची स्थिती काय आहे, हे वित्त विभागाला पहिल्याच दिवशी विचारा.

बजेट बसवताना

माझा सगळ्यांत जास्त वेळ इथं जातो, आणि जावा असंच मला वाटतं. बजेट वाचूनच परीक्षकाला कळतं की या माणसानं काम खरंच करायचं ठरवलं आहे की नाही.

मनुष्यबळाचं उदाहरण घ्या. १ जानेवारी २०२३ पासून ज्युनिअर रिसर्च फेलोला, म्हणजे प्रकल्पावर काम करणाऱ्या संशोधक विद्यार्थ्याला, महिना ३७,००० रुपये आणि सिनिअर रिसर्च फेलोला ४२,००० रुपये मिळतात, शिवाय शहराच्या वर्गानुसार घरभाडे भत्ता. बरेच जण ३७,००० ला ३६ महिन्यांनी गुणतात आणि १३,३२,००० लिहून मोकळे होतात. आता नीट करू. शहर २० टक्के भत्त्याच्या वर्गातलं धरा. पहिली दोन वर्षं महिना ४४,४००, म्हणजे २४ महिन्यांचे १०,६५,६००. तिसऱ्या वर्षी फेलो सिनिअर झाला, तर महिना ५०,४००, म्हणजे ६,०४,८००. एकूण १६,७०,४००. फरक ३,३८,४०० रुपयांचा. ही चूक मंजुरीनंतर लक्षात येते, आणि तिसऱ्या वर्षी विद्यार्थ्याला द्यायला पैसे नसतात. प्रयोग अर्धवट सोडून गेलेला विद्यार्थी मी पाहिला आहे. त्याचा काही दोष नव्हता.

उपकरणाच्या कोटेशनमध्ये जीएसटी, वाहतूक, बसवणी आणि वॉरंटी आहे का ते पाहा. परदेशी चलनातल्या किमतीत थोडी वाढ धरा. कन्झ्युमेबल्सची, म्हणजे वापरून संपणाऱ्या साहित्याची, रक्कम गोल आकड्यात टाकू नका. किती नमुने, एका नमुन्याला किती अभिकर्मक, असं दोन ओळींत लिहा. आपल्याच विद्यापीठाच्या मध्यवर्ती उपकरण केंद्रात जे यंत्र आहे, ते नव्यानं मागितलं तर समिती विचारणारच. त्याऐवजी वापर शुल्क धरलं तर प्रपोजल भक्कम दिसतं.

खरेदीच्या नियमांबद्दल एक गैरसमज दूर करतो. केंद्रानं जून २०२५ मध्ये वैज्ञानिक विभागांसाठी दरपत्रकांशिवाय थेट खरेदीची मर्यादा १ लाखावरून २ लाख केली. चांगलं झालं. पण ती मर्यादा आपल्याला आपोआप लागू होते असं नाही, राज्य विद्यापीठाला स्वतःची लेखा संहिता असते. म्हणून आपल्या वित्त व लेखा अधिकाऱ्यांना विचारल्याशिवाय एकही ऑर्डर देऊ नका. सरकारी किंवा खासगी संशोधन अनुदानाच्या रकमेवर जीएसटी लागणार का, ही भीती विद्यापीठांना बराच काळ होती. ९ सप्टेंबर २०२४ च्या जीएसटी परिषदेत सरकारी संस्था, विद्यापीठं आणि आयकर कायद्याच्या कलम ३५ खाली अधिसूचित संस्था यांना सूट देण्याचं ठरलं, तो प्रश्न तरी सुटला.

फाईल कशी हलवावी

शेवटच्या तारखेच्या किमान तीन आठवडे आधी विभागप्रमुखांमार्फत टिपणी पाठवा. सोबत एका पानाचा सारांश जोडा: योजनेचं नाव, रक्कम, मुदत, संस्थेला स्वतःच्या खिशातून काही घालावं लागणार का, आणि शेवटची तारीख ठळक. ज्या टेबलावर फाईल अडते, तिथल्या माणसाला बहुधा एवढंच हवं असतं की संस्थेवर बोजा येणार नाही. हे पहिल्या पानावर लिहिलं की 'खुलासा करावा' हा शेरा येत नाही. आवक क्रमांक घ्या आणि दर दोन दिवसांनी फाईल कुठं आहे ते विचारा. विचारायला संकोच वाटतो, मला माहीत आहे. नका वाटून घेऊ. विचारणं हा तुमच्या कामाचाच भाग आहे.

पोर्टलवर नोंदणी, ओळख क्रमांक आणि को-पीआयची ऑनलाइन संमती पहिल्याच आठवड्यात उरका. को-पीआयनं आपल्या लॉगिनमधून 'मान्य' केलं नाही म्हणून अडकलेले अर्ज पुष्कळ. पीडीएफचा आकार मर्यादेत आहे का, तेही तपासा. आणि शेवटच्या दिवशी नव्हे, त्याच्या दोन दिवस आधी सबमिट करा.

मंजूर झाल्यावर

सँक्शन ऑर्डर आली की आनंद होतोच, पण ती पूर्ण वाचा. खर्चाच्या कोणत्या बाबीखाली किती रक्कम, रिकरिंग (दरवर्षी होणारा खर्च) किती, नॉन-रिकरिंग (एकदाच होणारा) किती, एकातून दुसऱ्यात वळवायला परवानगी लागते का, हे तिथंच असतं. केंद्राच्या अनेक योजनांत आता पैसे आधी खात्यात येऊन पडून राहत नाहीत. शून्य शिल्लक खात्यावर खर्चाची मर्यादा मिळते आणि पीएफएमएसमधून बिलं भागवली जातात. ३१ मार्चला उरलेली मर्यादा संपते. त्यामुळे उपकरणाची ऑर्डर फेब्रुवारीत काढायची आणि माल मे महिन्यात घ्यायचा, हा जुना हिशेब इथं चालत नाही.

दर आर्थिक वर्षाअखेर खर्चाचं विवरण आणि सर्वसाधारण वित्तीय नियम २०१७ मधल्या नमुना १२-ए मध्ये उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे यूसी, द्यावं लागतं. जमा झालेलं व्याज केंद्राच्या तिजोरीत भरावं लागतं. पुढचा हप्ता यूसीवर अवलंबून असतो. म्हणून पहिल्या बिलापासून एक साधी वही ठेवा: तारीख, बिल क्रमांक, खर्चाची बाब, रक्कम, शिल्लक. लेखा विभागाच्या आकड्यांशी दर तिमाहीला ती पडताळा. मार्चमध्ये यूसीसाठी आलात आणि ही वही सोबत असेल, तर आपलं काम एका बैठकीत होतं.