ल्वूफ–वॉर्सा संप्रदाय : चरित्र व लेखनाच्या संशोधनाची साधने

ल्वूफ–वॉर्सा संप्रदाय हा पोलिश तत्त्वज्ञ व तर्कशास्त्रज्ञांचा गट. त्याचे संस्थापक काझिमेश त्वार्दोव्स्की (1866–1938) हे तत्त्वज्ञ ब्रेंटानो यांचे शिष्य. 1895 मध्ये ते व्हिएन्नाहून ल्वूफला (आजचे युक्रेनमधील ल्वीव) आले. तेथे त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या वूकाशेविच, लेश्न्येव्स्की व कोतार्बिन्स्की यांनी पुढे वॉर्सात अध्यापन केले. या विचारवंतांच्या अभ्यासात पहिली अडचण येते ती साधनांच्या विषमतेची. ल्वूफचे कागद बऱ्याच अंशी टिकले, वॉर्साचे 1944 मध्ये जर्मन ताब्याविरुद्ध झालेल्या उठावात जळाले. लेश्न्येव्स्की (1886–1939) यांची अप्रकाशित हस्तलिखिते सोबोचिन्स्की या शिष्याकडे होती, तीही त्याच आगीत गेली. त्यामुळे गुरूचे जीवन दिवसवार सांगता येते, शिष्याचे मात्र तुकड्यांतून जुळवावे लागते.

म्हणून कामाची सुरुवात त्वार्दोव्स्कींच्या दप्तरापासून करणे श्रेयस्कर. पत्र टिकते ते बहुधा ज्याला आले त्याच्याकडे. वॉर्सात जतन केलेल्या त्वार्दोव्स्कींच्या संग्रहात लेश्न्येव्स्कींनी लिहिलेली पत्रे सापडतात, ती याच कारणाने. 1915 ते 1936 या काळातील त्वार्दोव्स्कींच्या रोजनिशा 1997 मध्ये तोरुन येथून प्रसिद्ध झाल्या असून भेटी, व्याख्याने व नेमणुका यांच्या तारखा ताडून पाहण्यास त्या फार उपयोगी आहेत. ल्वूफ विद्यापीठाचे दप्तर आता युक्रेनमधील ल्वीव प्रांतिक अभिलेखागारात, फाँद (संग्रह) 26 मध्ये आहे. तेथे कागद मागवताना फाँद, ओपिस (सूची) व स्प्रावा (फाइल) हे तिन्ही क्रमांक द्यावे लागतात. याच संप्रदायातील तर्कशास्त्रज्ञ आल्फ्रेड तार्स्की यांचे कागद अमेरिकेतील बर्कलीच्या बँक्रॉफ्ट ग्रंथालयात आहेत.

छापील लेखनासाठी 'प्शेग्लोंद फिलोझोफिच्ने' (1897 पासून) व त्वार्दोव्स्कींनी काढलेले 'रुख फिलोझोफिच्ने' (1911 पासून) ही नियतकालिके अंकवार चाळावीत. संगणकीय शोधावर विसंबल्यास बरेच निसटते. एक तर जुने शुद्धलेखन वेगळे होते: 'सिद्धांत' या अर्थाच्या 'तेओरिया' शब्दाच्या षष्ठी रूपात लेश्न्येव्स्कींच्या 1916 च्या ग्रंथनामात 'वाय' आहे, कोतार्बिन्स्कींच्या 1929 च्या ग्रंथनामात 'जे', तर 1936 च्या सुधारणेनंतर 'आय' येतो. शिवाय पोलिश आडनावे विभक्तीनुसार बदलतात, आणि तिरकी रेघ मारलेला 'एल' यंत्र अनेकदा 'टी' किंवा साधा 'एल' म्हणून वाचते. आडनावाचा मधला, न बदलणारा भाग टाकून शोधणे हा त्यावरचा सोपा उपाय.

नावे व तारखाही तपासाव्या लागतात. तार्स्कींचे आरंभीचे लेखन 'ताय्टेलबाउम' या मूळ आडनावाने आहे. याच संप्रदायातील यानिना होसियासोन यांचे लेख विवाहापूर्वीच्या व लिंडेनबाउम जोडलेल्या, अशा दोन्ही नावांखाली शोधावे लागतात. 1942 मध्ये विल्नो (आजचे व्हिल्नियस) येथे त्यांची हत्या झाली. त्यामुळे त्यांच्या बाबतीत छापील लेखांना विशेष मोल आहे. लेश्न्येव्स्कींचा जन्म रशियातील सेर्पुखोवचा, म्हणून जुन्या (ज्युलियन) कालगणनेनुसार 18 मार्च आणि नव्या (ग्रेगोरियन) कालगणनेनुसार 30 मार्च. एकोणिसाव्या शतकात हा फरक 12 दिवसांचा, मार्च 1900 पासून 13 दिवसांचा. सरसकट 13 मिळवणारा अभ्यासक एका दिवसाने चुकतो.

आवृत्ती न सांगता मत उद्धृत करणे सर्वांत घातक. तार्स्कींचा सत्यसंकल्पनेवरील प्रबंध पोलिशमध्ये 1933 चा आहे. जर्मन रूपाच्या सुट्या प्रती 1935 मध्ये निघाल्या, पण ज्या खंडात तो आला त्यावर 1936 आहे. जर्मन रूपाला जोडलेल्या उपसंहारात अनंत कोटीच्या, म्हणजे ज्यांतील पदांच्या पायऱ्यांना वरची मर्यादा नाही अशा, भाषांविषयीची त्यांची भूमिका बदललेली आहे. तसेच लेश्न्येव्स्कींनी 1927 पासून प्रसिद्ध केलेल्या लेखमालेत आपले आरंभीचे लेखन नाकारले. ते लेखन त्यांचे अंतिम मत म्हणून देता येत नाही.