भौगोलिक अवकाश : जागतिकीकरण आणि लोकांची समज

पृथ्वीवरील ठिकाणे, त्यांच्यामधील अंतरे आणि त्यांना जोडणारे संबंध यांतून जो विस्तार घडतो, त्याला भौगोलिक अवकाश म्हणतात. अंतराळाशी या अवकाशाचा संबंध नाही. अक्षांश-रेखांशांवरून ठिकाण कोठे आहे हे कळते. ते जवळचे की लांबचे, हे मात्र तिथे पोहोचायला लागणारा वेळ, खर्च आणि परवानगी यांवर ठरते. जागतिकीकरणाने हे दुसरे अंतर बदलले.

१९५६ मध्ये अमेरिकी उद्योजक मॅल्कम मॅक्लीन यांनी कंटेनरमधून सागरी मालवाहतूक सुरू केली आणि पुढे मालाची चढउतार कमालीची स्वस्त झाली. भूगोलज्ञ डेव्हिड हार्वे यांनी १९८९ मध्ये अशा बदलांना काळ आणि अवकाश यांचा संकोच म्हटले. जग आक्रसले हे खरे, पण सगळ्यांसाठी सारखे नाही, हा भूगोलज्ञ डोरीन मॅसी यांचा आक्षेप अधिक मोलाचा आहे. एकाच सीमेवर माल सहज पुढे सरकतो आणि व्हिसा नसलेला माणूस अडकून पडतो.

अंतर संपले, ही समजूत तर साफ चुकीची आहे. २३ मार्च २०२१ रोजी सुमारे ४०० मीटर लांबीचे ‘एव्हर गिव्हन’ हे जहाज सुएझ कालव्यात आडवे रुतले. सहा दिवस वाहतूक बंद पडली, दोन्ही तोंडांशी शेकडो जहाजे खोळंबली आणि काहींनी आफ्रिकेला वळसा घालायचा मार्ग धरला. इंटरनेटचेही तसेच. खंडाखंडांतील बहुतेक माहिती समुद्रतळावरच्या केबलींतून वाहते. जानेवारी २०२२ मध्ये ज्वालामुखीच्या उद्रेकात पॅसिफिकमधील टोंगा या बेटांच्या देशाची केबल तुटली. ती पूर्ववत व्हायला पाच आठवडे लागले. जग अशा मोजक्या चिंचोळ्या वाटांवर टेकलेले आहे, आणि भूगोलाच्या लोकशिक्षणाने नेमके हेच आधी दाखवायला हवे. राजधान्या पाठ करून ते साधत नाही.

नकाशाही दिशाभूल करतो. नकाशाकार गेरार्डस मर्केटर यांचे १५६९ चे प्रक्षेपण, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवण्याची रीत, खलाशांना दिशा धरता यावी म्हणून होते. त्यात ध्रुवांकडचे प्रदेश फुगतात. आफ्रिका ग्रीनलंडच्या सुमारे चौदापट मोठी, पण या नकाशात दोन्ही जवळजवळ सारखी दिसतात. पृथ्वीगोलावर टोकियो ते न्यूयॉर्क दोरा ताणून धरला, तर तो अलास्कावरून जातो. सपाट नकाशात तीच वाट पॅसिफिक आडवा ओलांडून जाईल असे वाटते. लहान मुलालाही हा दोरा पाहून जे कळते, ते पानभर वर्णनाने कळत नाही.

शाळेबाहेरचे प्रयत्न अनेक आहेत. फ्रान्समधील सें-दिए-दे-व्होज या लहानशा शहरात १९९० पासून आंतरराष्ट्रीय भूगोल महोत्सव भरतो. ‘अमेरिका’ हे नाव प्रथम देणारा मार्टिन वाल्डझेम्यूलर यांचा १५०७ चा नकाशा याच ठिकाणच्या विद्वानांच्या वर्तुळात सिद्ध झाला. आंतरराष्ट्रीय भूगोल संघाच्या पुढाकाराने २०१६ हे जागतिक समजुतीचे वर्ष म्हणून पाळले गेले. रोजच्या साध्या कृतींचे दूरवर होणारे परिणाम लोकांना उमगावेत, हा त्यामागचा हेतू होता.

सर्वांत खोल समज मात्र नकाशा स्वतः काढताना येते. २००४ मध्ये सुरू झालेल्या ‘ओपनस्ट्रीटमॅप’वर कोणीही रस्ते नोंदवू शकतो. जानेवारी २०१० मध्ये हैतीत भूकंप झाला, तेव्हा दूरदूरच्या देशांतील स्वयंसेवकांनी उपग्रहचित्रांवरून तिथल्या राजधानीच्या, पोर्तोप्रिन्सच्या, गल्ल्या एकेक करून रेखल्या, आणि मदतपथके तोच नकाशा हाती घेऊन ढिगाऱ्यांपर्यंत पोहोचली.