अभिजात गिटार आणि प्रोग्रेसिव्ह रॉक

युरोपीय अभिजात संगीताच्या परंपरेत वाढलेली, बोटांनी छेडायची गिटार आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये आकाराला आलेला प्रोग्रेसिव्ह रॉक यांच्यातील देवाणघेवाण हा या नोंदीचा विषय आहे. तीन मिनिटांच्या गाण्याची चौकट मोडणाऱ्या लांबलचक, अनेक खंडांच्या रचना, विषम मात्रांचे ताल आणि गायनाइतकाच वाद्यवादनाला मान ही प्रोग्रेसिव्ह रॉकची (चाहत्यांच्या बोलीत ‘प्रॉग’ची) ओळख. मराठीत ‘शास्त्रीय’ म्हटले की रागसंगीतच डोळ्यांपुढे येते, म्हणून युरोपीय परंपरेसाठी येथे ‘अभिजात’ हा शब्द वापरला आहे.

आजच्या अभिजात गिटारचे रूप आंतोनियो दे तोर्रेस (१८१७–१८९२) या स्पॅनिश कारागिराने पक्के केले. त्याने पेटी मोठी केली, तारेची कंप पावणारी लांबी सुमारे ६५ सेंटिमीटर ठेवली आणि वरच्या फळीच्या आतून पंख्याच्या काड्यांसारख्या लाकडी पट्ट्या बसवण्याची पद्धत रूढ केली. नाद मुख्यतः वरच्या फळीतून येतो, बाजू आणि पाठ दुय्यम, हे दाखवून देण्यासाठी त्याने १८६२ मध्ये चक्क कागदाच्या लगद्याच्या बाजू आणि पाठ असलेली एक गिटार बनवली. तारा तेव्हा तातीच्या (जनावरांच्या आतड्यांपासून केलेल्या) असत. दुसऱ्या महायुद्धात तात मिळेनाशी झाली आणि १९४० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये आल्बर्ट ऑगस्टिनने नायलॉनच्या तारा तयार केल्या. आंद्रेस सेगोव्हियाने (१८९३–१९८७) त्या उचलून धरल्यावर तातीचा जमाना संपला.

वाद्य तयार असले तरी त्याला मैफलीत पाट मिळायला वेळ लागला. फेर्नांदो सोर आणि माउरो जुलियानी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी भरपूर लिहिले, फ्रान्सिस्को तार्रेगाने (१८५२–१९०९) पियानोच्या रचना गिटारवर उतरवल्या. तरीही मोठ्या सभागृहांत गिटारकडे दिवाणखान्यातले वाद्य म्हणूनच पाहिले जाई. ही नजर बदलली ती सेगोव्हियामुळे. १९३५ मध्ये पॅरिसमध्ये त्याने बाख या जर्मन संगीतकाराची मूळ व्हायोलिनसाठी लिहिलेली ‘शाकॉन’ गिटारवर वाजवली आणि या सहा तारांवर एवढा मोठा डोलारा उभा राहू शकतो हे रसिकांना ऐकू आले. एइतोर व्हिला-लोबोसने त्याच्यासाठी बारा एत्यूद (सरावाच्या रचना) लिहिले. होआकिन रोद्रिगोचा ‘कोन्सिएर्तो दे आरान्हुएस’ हा कॉन्चेर्तो (एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांची रचना) १९४० मध्ये बार्सिलोनात प्रथम वाजला, मात्र तो रेगिनो साइन्स दे ला मासाच्या हातून. पुढच्या पिढीत ब्रिटनमध्ये जुलियन ब्रीम आणि जॉन विल्यम्स आले. प्रॉगचे वादक ज्या घरांत वाढले तेथे रेडिओ आणि तबकड्यांमधून हे वादन विजेच्या गिटारच्या बरोबरीनेच कानावर पडत होते. खुद्द सेगोव्हियाला विजेच्या गिटारचा तिटकारा होता, हा त्यातला विनोद.

प्रॉगवरील अभिजात प्रभावाची गोष्ट बहुधा कीबोर्डवादकांच्या नावाने सांगितली जाते. कारण उघड आहे: त्यांची उसनवारी लगेच ओळखू येते. डीप पर्पलच्या जॉन लॉर्डने १९६९ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये बँड आणि वाद्यवृंद यांच्यासाठी लिहिलेला कॉन्चेर्तो सादर केला. इमर्सन, लेक अँड पामर या त्रयीने मार्च १९७१ मध्ये न्यूकॅसल सिटी हॉलमध्ये मुसॉर्गस्कीची १८७४ मधली ‘पिक्चर्स ॲट ॲन एग्झिबिशन’ ही पियानोमाला ऑर्गन, बास आणि ड्रमवर वाजवून ध्वनिमुद्रित केली. पुढे अर्जेंटिनाच्या आल्बेर्तो हिनास्तेराच्या पहिल्या पियानो कॉन्चेर्तोचा अखेरचा भाग संगीतकाराच्या संमतीने घेतला. येसच्या रिक वेकमनने ब्राम्सच्या चौथ्या सिंफनीचा तिसरा भाग एकट्याने कीबोर्डांवर रचला. या साऱ्यात मूळ धून ओळखण्याची मौज मोठी असते. पण धून उचलणे ही उसनवारीची सर्वांत सोपी जात आहे. गिटारवादकांनी अशा चाली फारशा उचलल्याच नाहीत. त्यांनी घेतली ती हाताची वळणे आणि लहान आकाराची शिस्त.

हाताची वळणे म्हणजे काय, हे थोडे उलगडून सांगायला हवे. रॉक गिटारवादक सहसा पिकने (चिमटीत धरायच्या छोट्या पात्याने) वाजवतो. एका वेळी एक आघात, मग तो एका तारेवर असो वा साऱ्या तारांवर. अभिजात पद्धतीत अंगठा, तर्जनी, मध्यमा आणि अनामिका यांची कामे वाटलेली असतात. अंगठा खालचे स्वर धरतो, बाकीची बोटे वरची ओळ चालवतात, आणि एकाच वाद्यातून दोन किंवा तीन आवाज स्वतंत्रपणे बोलू लागतात. बोट तार छेडून पुढच्या तारेवर टेकले तर स्वर भरदार येतो, न टेकता उचलले तर हलका; त्यामुळे मुख्य सुरावट आणि तिच्या भोवतीची नक्षी वेगवेगळ्या वजनाने वाजवता येतात. तार्रेगाच्या ‘रेकुएर्दोस दे ला आल्हाम्ब्रा’तली थरथर याच कामवाटपाची कमाल आहे: अंगठ्याच्या एका स्वरामागे तीन बोटे एकच स्वर भराभर छेडत राहतात. एकदा हात असा विचार करू लागला की वादक स्वरांचे गठ्ठे न रचता ओळींवर ओळी रचतो.

गंमत अशी की प्रॉगच्या वर्तुळातली गिटार-भांडारातून उचललेली सर्वांत गाजलेली धून गिटारवर वाजलीच नाही. जेथ्रो टलने १९६९ मध्ये बाखच्या ई मायनरमधील ल्यूट सुइटमधला (ल्यूट या गिटारसारख्या जुन्या वाद्यासाठीच्या नृत्यमालेतला) ‘बूरे’ घेतला. हा तुकडा गिटार शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या बोटांखालून कधी ना कधी गेलेला असतो. इयन अँडरसनने तो बासरीवर वाजवला, जॅझच्या झोक्यात.

नायलॉनची गिटार प्रॉगमध्ये बहुधा एकटी का ऐकू येते, याला तांत्रिक कारण आहे. विजेच्या गिटारचा चुंबकीय पिकअप पोलादी तारेचे कंपन टिपतो. नायलॉनवर चुंबकाची मात्रा चालत नाही. मायक्रोफोन लावावा तर शेजारचे ड्रम आणि ॲम्प्लिफायर त्यात शिरतात आणि आवाज वाढवताच शिट्टी सुरू होते. म्हणून १९७० च्या दशकात तिला जागा मिळाली ती रचनेच्या सुरुवातीला, मधल्या विसाव्याला, किंवा बँडने हात बांधून उभे राहावे अशा एकल तुकड्याला. तारेच्या टेकूखाली बसवायचे पायझो पिकअप सर्रास मिळू लागल्यावर ही अडचण बरीच कमी झाली, पण तोवर ‘गदारोळातली शांत खोली’ ही तिची भूमिका ठरून गेली होती. मैफलीत ध्वनिक गिटार स्टँडवर अडकवून ठेवायची, गळ्यातली विजेची गिटार न काढता पुढे होऊन ती वाजवायची आणि लगेच मागे यायचे, ही युक्ती येसचा स्टीव्ह हाऊ आणि रशचा ॲलेक्स लाइफसन यांच्या चाहत्यांना चांगली परिचयाची आहे.

हाऊचे (जन्म १९४७) उदाहरण अभिजात प्रभावाविषयीचा एक गैरसमजही दूर करते. येसच्या १९७१ मधल्या दोन अल्बमांत त्याचे एकेक एकल वादन आहे. पहिले, ‘क्लॅप’, पोलादी तारांवरचे आणि सरळसरळ अमेरिकन धाटणीचे. त्यामागे चेट ॲटकिन्स या अमेरिकन कंट्री गिटारवादकाची बोटे आहेत. दुसरे, ‘मूड फॉर अ डे’, स्पॅनिश वळणाचे, त्यात फ्लामेंकोचे झटके आणि बरोकची नक्षी शेजारी शेजारी बसतात. एकाच हाताने दोन घराणी सांभाळणारा हा वादक ‘अभिजात’ म्हणून ओळखला गेला, तो दुसऱ्यामुळे. पण अंगठ्याची शिस्त दोन्हींत तीच. १९७९ च्या एकल अल्बममध्ये त्याने विवाल्दीच्या डी मेजरमधील ल्यूट कॉन्चेर्तोचा संथ भाग घेतला.

रॉबर्ट फ्रिपची वाट उलटी. किंग क्रिमझनचा हा संस्थापक पिक सोडत नाही, आणि तरीही त्याच्या वादनात एत्यूदचा स्वभाव सर्वांत जास्त आहे. १९७४ मधली ‘फ्रॅक्चर’ ही अकरा मिनिटांची रचना घ्या: तिचा मोठा भाग न थांबणाऱ्या सारख्या लयीच्या स्वरांचा, तारा ओलांडत उड्या मारणारा, पूर्णस्वरी (सलग स्वरांत सारखेच अंतर असलेल्या) सप्तकाच्या अंगाने जाणारा आहे. व्हायोलिनवादकांच्या ‘मोटो पर्पेट्युओ’ची (अखंड गतीच्या रचनेची) आठवण येते ती उगाच नाही. डॉर्सेट परगण्यात वाढलेले फ्रिप आणि ग्रेग लेक लहानपणी एकाच शिक्षकाकडे गिटार शिकले होते. लेकच्या वाट्याला पुढे बास आणि गायन आले, पण मुसॉर्गस्कीच्या त्या दणदणीत प्रयोगाच्या मध्यावर ‘द सेज’ हे त्याचे स्वतःचे गिटारगीत येते आणि क्षणभर ऑर्गन गप्प होतो. माझ्या मते त्या संध्याकाळचा तोच तुकडा आज सर्वांत कमी जुना वाटतो. फ्रिपने १९८५ मध्ये ‘गिटार क्राफ्ट’ हे अभ्यासवर्ग सुरू केले आणि तेथे सी-जी-डी-ए-ई-जी असे तार लावणे शिकवले. नेहमीच्या चौथ्या-चौथ्या अंतराऐवजी बहुतेक तारा व्हायोलिन-चेलोप्रमाणे पाचव्या-पाचव्या अंतरावर; त्यामुळे मुरलेल्या वादकाच्याही बोटांच्या सवयी निरुपयोगी ठरतात. हेतू तोच होता.

इतरांचा उल्लेख थोडक्यात पुरे. हॉलंडच्या फोकसमधल्या यान आकरमनने १९७३ च्या ‘टाबेरनाकेल’मध्ये थेट ल्यूट हाती घेऊन जॉन डाउलंडच्या रचना वाजवल्या. कॅनडाच्या रशमध्ये लाइफसनची नायलॉनची गिटार ‘द ट्रीज’ आणि ‘ला व्हिला स्ट्रान्जियाटो’ (दोन्ही १९७८) यांच्या तोंडाशी येते. जेंटल जायंटमध्ये रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये रचनाशास्त्र शिकलेला केरी मिनियर होता. ‘ऑन रिफ्लेक्शन’मध्ये (१९७५) चार गळे फ्यूगसारखे एकामागून एक शिरतात, आणि मग तेच काम वाद्ये करतात.

प्रवास उलट दिशेनेही झाला. सेगोव्हियाचा शिष्य आणि अभिजात गिटारचा तेव्हाचा सर्वांत नितळ हात मानला जाणारा जॉन विल्यम्स (जन्म १९४१) १९७० च्या दशकाच्या अखेरीस स्काय या बँडमध्ये दाखल झाला. सोबत कर्व्हड एअरचा फ्रान्सिस मंकमन, बासवादक हर्बी फ्लॉवर्स, तालवादक ट्रिस्टन फ्राय आणि गिटारवादक केव्हिन पीक. त्यांनी केलेली बाखच्या डी मायनर टोकाटाची (ऑर्गनसाठीच्या वेगवान रचनेची) आवृत्ती १९८० मध्ये ब्रिटनच्या विक्रीयादीत पाचव्या क्रमांकापर्यंत पोचली. अभिजात समीक्षकांनी नाके मुरडली, रॉकवाल्यांना हे फारच गुळगुळीत वाटले, आणि तबकड्या मात्र खपत राहिल्या. संगीतकारांपैकी जपानच्या तोरू ताकेमित्सूने १९७७ मध्ये बारा गाणी अभिजात गिटारसाठी रचली, त्यांत बीटल्सचीही होती. फ्रँक झापाच्या वाद्यवृंदीय रचना १९८४ मध्ये पिएर बुलेझने संचालित केल्या. स्टीव्ह राइशने १९८७ मध्ये पॅट मेथेनीसाठी ‘इलेक्ट्रिक काउंटरपॉइंट’ लिहिली. तीत एकच वादक आधी मुद्रित केलेल्या स्वतःच्याच अनेक गिटारींसोबत वाजवतो.

अभिजात वळण एखाद्या वादकापुरते न राहता बँडच्या पोतातच मुरले असे उदाहरण जेनेसिसचे. अँथनी फिलिप्स आणि माइक रदरफर्ड दोन बारातारी गिटारींवर वेगवेगळ्या जागी तेच सूर धरत. बारातारीत खालच्या चार जोड्या सप्तकाच्या अंतराने लावलेल्या असतात, त्यामुळे दोन गिटारी मिळून हार्पसिकॉर्डसारखी झळाळी येई. रंगमंचाच्या भीतीने फिलिप्स १९७० मध्ये बाहेर पडला आणि नंतर अभिजात गिटार व वाद्यवृंदरचना शिकला. त्याचा ‘द गीस अँड द घोस्ट’ (१९७७) पोताच्या या प्रयोगाचे सर्वांत निवांत रूप आहे.

१९७१ च्या आरंभी जेनेसिसमध्ये स्टीव्ह हॅकेट (जन्म १९५०) आला. त्याने सेगोव्हियाचे बाख ऐकले होते. दोन्ही हातांची बोटे पडद्यांवर आपटून वाजवण्याची युक्तीही बाखच्या टोकाटातल्या स्वरमाळा गिटारवर काढण्याच्या खटपटीतून सापडल्याचे तो सांगतो. १९७२ च्या ‘फॉक्सट्रॉट’मध्ये त्याची ‘होरायझन्स’ आहे: बाखच्या पहिल्या चेलो सुइटच्या प्रेल्यूडवरून सुचलेली, पावणेदोन मिनिटांतच संपणारी. तिच्यानंतर लगेच तेवीस मिनिटांची ‘सपर्स रेडी’ सुरू होते. दारातली ही छोटी पायरी नसती तर त्या अवाढव्य वाड्यात शिरताना अंगावर आले असते. १९७७ मध्ये बँड सोडल्यावर हॅकेटने विजेची गिटार ठेवलीच, शिवाय नायलॉनच्या तारांवरचे वेगळे अल्बम काढत राहिला: ‘बे ऑफ किंग्ज’ (१९८३), ‘मोमेंटम’ (१९८८), रॉयल फिलहार्मोनिकसोबतचा ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’ (१९९७). २००८ च्या ‘ट्रिब्यूट’मध्ये सेगोव्हियाच्या स्मरणार्थ वाजवलेल्या रचनांत बाखची ‘शाकॉन’ही आहे.