जुन्या हवाई पिस्तुलाला घडीव लाकडी मूठ बसवणे

छर्रा सोडणाऱ्या जुन्या हवाई पिस्तुलाची कारखान्यातून आलेली मूठ उतरवून, तिच्या जागी नेमबाजाच्या हाताच्या मापाने घडवलेली लाकडी मूठ बसवण्याचे काम. नेमबाज या मुठीला सहसा ‘ग्रिप’च म्हणतात. वरवर हे सुतारकाम आहे. प्रत्यक्षात एकाच लाकडात दोन मापे जुळवायची असतात, आतून लोखंडाचे आणि बाहेरून हाताचे. हाताचे माप दिवसागणिक थोडे बदलते, उष्म्याने आणि थकव्याने हात फुगतो. लोखंडाचे माप मात्र कायमचे ठरलेले असते, आणि जुन्या पिस्तुलाच्या बाबतीत ते बदलण्याचा हक्क कोणालाही नाही. मूठ चुकली तर दुसरी घडवता येते; कानस लावलेली चौकट, म्हणजे पिस्तुलाचा लोखंडी सांगाडा, पूर्ववत होत नाही.

इंग्लंडच्या वेब्ली कंपनीने १९२४ मध्ये मार्क १ हे हवाई पिस्तूल बाजारात आणले. त्या घराण्यातल्या पिस्तुलांना चौकटीच्या दोन बाजूंवर स्क्रूने बसणाऱ्या पट्ट्या असत. त्या कोणाच्याही हातात मावाव्यात अशा केलेल्या होत्या, म्हणून कोणाच्याच हातात नेमक्या बसत नसत. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत नेमबाजीसाठीच घडवलेली हवाई पिस्तुले आली: वाल्थरचे एलपी ५३, एकमेकांविरुद्ध धावणाऱ्या दोन दट्ट्यांमुळे (पिस्टन) झटका न देणारे डायनाचे मॉडेल ६, आणि १९६५ पासूनचे फाइनवेर्कबाउ ६५. या काळात मूठ हा पिस्तुलाचा स्वतंत्र, विचारपूर्वक घडवलेला भाग झाला. मोरिनी, रिंक आणि निल ही नावे पुढे मुठींसाठीच ओळखली जाऊ लागली. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये १० मीटर हवाई पिस्तुलाचा समावेश झाला, तोवर हाताच्या मापाची मूठ ही नेमबाजाची मूलभूत गरज मानली जात होती.

मुठीला इतके महत्त्व का, हे स्प्रिंगच्या पिस्तुलात सर्वांत स्पष्ट दिसते. चाप ओढला की दाबलेली स्प्रिंग सुटते, दट्ट्या धावतो, त्याच्यापुढची हवा दबते आणि छर्रा नळीतून निघतो. छर्रा नळीबाहेर पडण्याआधीच दट्ट्याच्या धावेने पिस्तूल हललेले असते. वेब्लीच्या रचनेत नळी सिलिंडरच्या वर असते आणि दट्ट्या नेमबाजाच्या दिशेने मागे धावतो, त्यामुळे पिस्तुलाचा पहिला हिसका पुढे जातो. बारुदाच्या पिस्तुलाची सवय असलेल्याला हे चमत्कारिक वाटते. हा हिसका थांबवता येत नाही, पण प्रत्येक वेळी तो सारखाच यावा एवढे साधता येते, आणि त्यासाठी हात दर वेळी त्याच जागी, त्याच दाबाने बसला पाहिजे. चांगली मूठ हात आपोआप त्या जागी नेते. घट्ट पकड मिळावी म्हणून मूठ घडवायची, हा समज चुकीचा आहे. सारखी पकड मिळावी म्हणून ती घडवतात.

लाकडांत अक्रोडाला पहिली पसंती मिळते. ते पुरेसे कठीण, तरी पटाशीला ऐकणारे. बारीक कोरीव कामात कडा तुटत नाहीत. बीच झाडाचे, थर चिकटवून केलेले लाकूडही मुठींसाठी वापरतात, कारण हवेतल्या दमटपणाने ते कमी वाकते. सागाच्या अंगच्या तेलामुळे चिकटकाम जपून करावे लागते. लाकडाच्या रेषा मुठीच्या उंचीच्या दिशेने धावल्या पाहिजेत. आडव्या गेल्या तर चौकटीच्या स्क्रूपाशी किंवा पातळ कडेला मूठ हमखास चिरते. ठोकळा पूर्ण वाळलेला हवा आणि ज्या खोलीत पिस्तूल राहणार तिथे तो काही आठवडे ठेवावा. घाईत कापलेले लाकूड नंतर आक्रसते आणि चौकटीभोवती खुळखुळते.

काम सुरू करताना पिस्तूल रिकामे आणि स्प्रिंग सुटलेली आहे याची खात्री करावी. जुने स्क्रू खाचेत तंतोतंत बसणाऱ्या पेचकसानेच काढावेत. सैल पेचकस निसटला की स्क्रूचे डोके खराब होते आणि आजूबाजूच्या काळ्या मुलाम्यावर कायमची रेघ उठते. जुन्या पिस्तुलांचे आटे देशानुसार वेगळे असतात. इंग्रजी आणि जर्मन स्क्रू एकमेकांत मिसळू नयेत, आणि न बसणारा स्क्रू जोराने फिरवू नये.

आतली बैठक हा कामाचा सर्वांत संथ भाग. ठोकळ्यात खोबण अंदाजाने थोडी कमीच कोरतात. मग चौकटीवर काजळीचा किंवा लिपस्टिकचा पातळ थर देऊन ती लाकडावर टेकवतात. ज्या जागी रंग उमटतो तेवढ्याच जागी लाकूड लोखंडाला लागते आहे. तेवढेच पटाशीने किंवा खरवडणीने काढायचे आणि पुन्हा टेकवून पाहायचे. असे वीस-तीस वेळा झाले तर ते सामान्य समजावे. शेवटी रंग सगळीकडे सारखा उमटतो. खोबण चुकून मोठी झाली तर एपॉक्सी पुट्टीने भरतात. त्याआधी चौकटीवर मेणाचा हात फिरवलेला असावा, नाहीतर मूठ आणि पिस्तूल कायमचे एक होतात. खोबणीच्या आत पातळ लाखेचा थर द्यावा, कारण यंत्राचे तेल लाकडात मुरून ते मऊ करते.

बैठक जमली म्हणजे हालणारे भाग मोकळे राहिले असे नाही. फाइनवेर्कबाउ ६५ मध्ये नळी आणि सिलिंडर मिळून झालेला वरचा भाग झटक्याच्या वेळी चौकटीवरच्या रुळांवर मागे सरकतो. त्यामुळे झटका हाताला जाणवत नाही, आणि त्यावरच त्याची कीर्ती उभी आहे. मुठीची वरची कड किंवा अंगठ्याचा टेकू त्या सरकत्या भागाला जराही घासला तर ती सगळी करामत वाया जाते. वेब्लीमध्ये नळी उचलून पुढे ओढताना सगळा जोर मुठीवर येतो, म्हणून तिथे नाजूक, उंच टेकू टिकत नाहीत. चापामागच्या यंत्रणेला लाकूड लागत नाही ना, हे पिस्तुलाची स्प्रिंग सावकाश दाबून आणि पुन्हा सोडून पाहावे लागते, आणि त्या वेळी उघड्या नळीच्या वाटेत बोटे असू नयेत.

बाहेरच्या आकारात मधले बोट आणि अनामिका हे खरे पकडणारे. त्यांचा दाब सरळ मागे, तळहाताच्या मध्याकडे गेला पाहिजे. करंगळी फक्त टेकते. अंगठा दाबत नाही. तर्जनीने लाकडाला स्पर्शही करू नये, कारण चाप ओढताना ती लाकडाला घासली तर नळी बाजूला ढकलली जाते. तळहाताच्या खाली येणारे ‘पाम शेल्फ’ हात रोज त्याच उंचीवर थांबावा म्हणून असते. ते वर-खाली सरकणारे करावे आणि हाताला फक्त टेकेल इतपतच वर आणावे; दाबून बसवले की मनगट थरथरते.

माप बरोबर आले की नाही, हे तपासण्याची एक जुनी रीत अजूनही सर्वांत खात्रीची आहे. डोळे मिटून हात उचलायचा, श्वास सोडून स्थिर व्हायचे आणि मग डोळे उघडायचे. नळीवरची माशी, म्हणजे नेम धरण्यासाठी पुढच्या टोकाला असलेला उभा दांडा, मागच्या खाचेत मधोमध उभी दिसली तर मूठ जुळली. माशी खाली बुडालेली दिसली तर मुठीच्या मागच्या बाजूला खाली, तळहाताच्या टाचेशी, भर घालावी लागते. मुठीचे बूड पुढे जाते आणि नळी वर येते. माशी वर डोकावत असेल तर त्याच जागी लाकूड कमी करतात, किंवा वर, अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात, भर घालतात. ही भर आधी पुट्टीने, एका वेळी एकाच जागी घालावी आणि काही दिवस नेमबाजी करून मगच पुढचा बदल करावा. एकाच बैठकीत चार जागा बदलणाऱ्याला कोणत्या बदलाने काय झाले ते कधीच कळत नाही.

स्पर्धेत उतरायचे असेल तर आंतरराष्ट्रीय नियम आकाराला मर्यादा घालतात. पिस्तूल मुठीसकट ४२० × २०० × ५० मिलिमीटरच्या पेटीत मावले पाहिजे, आणि रुंद घडवलेली मूठ बहुधा या ५० मिलिमीटरवरच अडते. वजन १,५०० ग्रॅमच्या आत, चाप ओढायला लागणारा भार किमान ५०० ग्रॅम. मुठीने हाताला वेढा घालता कामा नये. पाम शेल्फ आणि मूठ यांमधला कोन ९० अंशांपेक्षा कमी चालत नाही, शेल्फची कड वर वळवलेली चालत नाही, आणि अंगठा वर उचलायला मोकळा असावा लागतो.

आकार पक्का झाल्यावरच पृष्ठभाग खडबडीत करतात. टोकदार पोगराने लाकडावर दाट ठिपके ठोकले की घामातही पकड सुटत नाही. चकाकणारे वॉर्निश इथे निरुपयोगी, त्यावरून हात घसरतो. जवसाच्या तेलाचे दोन-तीन पातळ हात पुरतात. तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून ठेवू नयेत, त्या आपोआप पेट घेऊ शकतात, पसरून वाळवाव्यात. घासताना तोंडावर मास्क हवा, लाकडाचा भुसा फुप्फुसांना घातक आहे.

उतरवलेल्या मूळ पट्ट्या, तडकलेल्या असल्या तरी, आपल्या स्क्रूंसह कागदात गुंडाळून पिस्तुलाच्याच पेटीत ठेवतात. जुन्या बेकलाइटच्या पट्ट्या ठिसूळ झालेल्या असतात, म्हणून त्यांच्यावर वजन ठेवू नये.